जहाजावरील ॲक्सेसिबल केबिन : पहिला हक्क कोणाचा, आणि नाशिकहून ती कशी मिळवावी

माझी आई संधिवातामुळे गेली नऊ वर्षे व्हीलचेअर वापरते. आमच्या पहिल्या सागरी सहलीच्या वेळी आम्ही एजंटला तसे सांगितले, त्यांनी बुकिंगच्या कागदावर ‘व्हीलचेअर’ असा शेरा लिहिला आणि आम्ही निर्धास्त झालो. जहाजावर खोलीच्या दाराशी पोहोचल्यावर कळले की त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच होता की बंदरावर कोणीतरी तिला खुर्चीवरून जहाजापर्यंत आणून सोडेल. खोली नेहमीचीच होती. दारातून खुर्ची आत जाईना, आणि स्नानगृहाला चार बोटे उंच उंबरा होता. चौकशी केली तेव्हा ॲक्सेसिबल केबिन, म्हणजे व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी खास बांधलेल्या खोल्या, सगळ्या भरलेल्या होत्या. चार रात्री मी आणि माझ्या बहिणीने आईला दोन्ही बाजूंनी धरून, जवळजवळ उचलून, आत-बाहेर नेले. त्या चार दिवसांत तिने पाणी पिणे कमी केले होते, हे आम्हाला परतल्यावर समजले.

दुसऱ्या प्रवासाआधी मी सहा महिने या विषयाची माहिती गोळा केली. नाशिकमधील ज्या कुटुंबांत व्हीलचेअर, कॅलिपर, कृत्रिम पाय किंवा पक्षाघातानंतरचे अशक्तपण आहे, त्यांना ती उपयोगी पडावी म्हणून येथे क्रमाने मांडत आहे. सर्वांत आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ‘व्हीलचेअर’ हा शेरा आणि ॲक्सेसिबल केबिनचे आरक्षण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीमुळे दुसरी आपोआप मिळत नाही.

ही केबिन वेगळी कशी असते

मोठ्या जहाजांवर नेहमीच्या केबिनचे दार साधारण २२ ते २३ इंच रुंद असते. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या घडीच्या व्हीलचेअरची एकूण रुंदी, म्हणजे एका बाजूच्या हाताने फिरवण्याच्या कडीपासून दुसऱ्या बाजूच्या कडीपर्यंतचे माप, बहुधा २४ ते २६ इंच भरते. आमची खुर्ची पहिल्या वेळी का अडली, हे एवढ्यावरून स्पष्ट होते. ॲक्सेसिबल केबिनचे दार ३२ इंच किंवा त्याहून रुंद असते, खुर्ची पूर्ण वळवता यावी म्हणून सुमारे पाच फुटांची मोकळी जागा ठेवलेली असते, स्नानगृहाला उंबरा नसतो, शॉवरखाली भिंतीला घडीचे आसन आणि आधाराचे दांडे असतात, कमोडची उंची जास्त असते, आणि बेसिन व कपाटातील दांडी बसल्या जागेवरून हाताला येईल इतक्या खाली बसवलेली असते.

मात्र ‘ॲक्सेसिबल’ या एका शब्दाखाली सगळ्या खोल्या सारख्या नसतात, आणि एजंटकडून चुका होतात त्या येथेच. उदाहरणार्थ, कार्निव्हल ही सागरी सहलींची कंपनी तीन प्रकार करते: ज्यात पलंगाच्या दोन्ही बाजूंनी खुर्ची नेता येते अशी पूर्ण ॲक्सेसिबल केबिन, ज्यात एकाच बाजूने नेता येते अशी, आणि काठी किंवा वॉकरच्या आधाराने चालणाऱ्यांसाठी दांडे बसवलेली केबिन. तिसऱ्या प्रकारात व्हीलचेअर आतपर्यंत फिरेल याची खात्री नसते. ज्यांना पलंगावर उजव्या बाजूनेच सरकता येते त्यांना दुसऱ्या प्रकारात मोकळी बाजू कोणती, हेही विचारावे लागते. पलंगाखाली किती जागा आहे हा प्रश्न ज्यांना उचलण्याचे यंत्र लागते त्यांनी अवश्य विचारावा. पलंगाचा खालचा भाग बंद असेल तर यंत्राचे पाय आत जात नाहीत.

जहाजावरील अशा खोल्यांची संख्या किती कमी असते, ते आकड्यांवरून कळेल. २००९ मध्ये सेवेत आलेल्या ‘ओॲसिस ऑफ द सीज’ या अतिशय मोठ्या जहाजावर सुमारे २,७०० केबिन आहेत आणि त्यांपैकी ४६ ॲक्सेसिबल आहेत. शंभरात दोनही भरत नाहीत. लहान किंवा जुन्या जहाजावर त्या याहून कमी असणार, हे गृहीत धरूनच चालावे. मुंबईहून २०२१ पासून फेऱ्या करणारे कॉर्डेलिया या कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० मध्ये बांधलेले आहे. अशा जुन्या बांधणीच्या जहाजाबाबत छापील माहितीवर विसंबू नये. त्या विशिष्ट केबिनच्या दाराचे आणि स्नानगृहाचे माप लेखी मागवावे.

प्राधान्य कोणाला, आणि कशाच्या आधारावर

आपल्याकडे प्राधान्याची कल्पना बहुधा वय किंवा प्रमाणपत्र यांच्याशी जोडलेली असते. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना आणि ४५ वर्षांवरील महिलांना जागा असेल तर खालचा बर्थ देण्याची व्यवस्था आहे. सरकारी सवलतींसाठी ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. जहाजावरील केबिनसाठी यांपैकी एकही मोजपट्टी लागू होत नाही. तेथे प्रश्न एकच असतो: या खोलीत जी विशेष सोय बसवलेली आहे, तिची त्या प्रवाशाला गरज आहे का? ८० वर्षांचे पण पायऱ्या चढणारे आजोबा या रांगेत येत नाहीत. सेरेब्रल पाल्सी असलेली आणि खुर्ची वापरणारी १२ वर्षांची मुलगी येते. दिवसा कृत्रिम पायावर उत्तम चालणारी, पण रात्री पाय काढल्यावर स्नानगृहापर्यंत खुर्चीनेच जाणारी व्यक्तीही येते, आणि अशा व्यक्तीने दिवसा कोणी संशयाने पाहिले तर संकोच करण्याचे कारण नाही.

या विषयावरील सर्वांत स्पष्ट नियम अमेरिकेचे आहेत. २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की परदेशी ध्वजाखालील, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदणी असलेली, प्रवासी जहाजेही अमेरिकेच्या सागरी हद्दीत असताना तेथील दिव्यांग हक्क कायद्याच्या कक्षेत येतात, आणि पुढे २०१० मध्ये त्यांच्या वाहतूक विभागाने प्रवासी जहाजांसाठी सविस्तर नियम काढले. त्या नियमांनुसार एखाद्या श्रेणीतील इतर सर्व केबिन विकल्या जाईपर्यंत ॲक्सेसिबल केबिन गरजूंसाठी राखून ठेवावी लागते. त्या श्रेणीत दुसरी खोली शिल्लक राहिली नाही, तरच ती इतरांना देता येते. गरजू प्रवाशाने केबिन मागितली की तीच विशिष्ट केबिन त्याच्या नावावर धरून ठेवावी लागते, नंतर परस्पर बदलता येत नाही. हव्या त्या श्रेणीत ॲक्सेसिबल केबिन नसेल आणि दुसऱ्या श्रेणीत असेल, तर ती द्यावी लागते आणि दोन्हींपैकी जे भाडे कमी असेल तेच घ्यावे लागते. ही शेवटची तरतूद आपल्याकडील एजंटांना बहुधा ठाऊक नसते. अमेरिकेतील बंदरावरून निघणाऱ्या सहलीचे बुकिंग करताना ती नम्रपणे पण ठामपणे सांगावी.

त्याच नियमांत कंपनीला डॉक्टरांचे पत्र किंवा कोणताही पुरावा मागण्याची मनाई आहे. मात्र ही केबिन खरोखर गरज असलेल्या व्यक्तीसाठी आहे का, हे विचारणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि तसे लेखी घोषणापत्र ती घेऊ शकते. ऐसपैस जागेच्या मोहाने खोटे घोषणापत्र दिल्याचे आढळले तर प्रवास नाकारण्याचाही अधिकार तिला आहे. येथे मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. दहा-बारा जणांचा गट निघतो, तेव्हा ‘आजीच्या नावावर मोठी खोली घेऊ, मुलांना खेळायला जागा होईल’ असे घराघरांत सहज बोलले जाते. आजी व्हीलचेअर वापरत नसतील, किंवा वापरत असूनही त्या खोलीत झोपणार नसतील, तर ते करू नये. त्या एका खोलीअभावी दुसऱ्या कोणाची तरी आई चार दिवस पाणी कमी पिते, हे मी पाहिलेले आहे.

या प्राधान्याची मर्यादाही समजून घ्यावी. एकदा केबिन दुसऱ्याला विकली गेली, की आपल्यासाठी त्या प्रवाशाला जहाजावरून उतरवण्याची सक्ती कंपनीवर नाही. काही कंपन्या गरज नसलेल्या प्रवाशाला दुसऱ्या खोलीत हलवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवतात, पण तसे होईलच याचा भरवसा धरता येत नाही. थोडक्यात, प्राधान्य उशिरा येणाऱ्याला वाचवत नाही. दोन गरजू प्रवाशांमध्ये तर ज्याने आधी आरक्षण केले त्यालाच केबिन मिळते, कोणाचे दिव्यांगत्व जास्त याची तुलना होत नाही.

मुंबई किंवा सिंगापूरहून निघणाऱ्या आणि अमेरिकेला स्पर्शही न करणाऱ्या फेऱ्यांना हे अमेरिकी नियम लागू नसतात. तेथे त्या कंपनीचे स्वतःचे धोरण चालते, म्हणून ते लेखी मागवावे. युरोपच्या बंदरांवरून निघणाऱ्या सहलींसाठी युरोपीय संघाचा २०१० चा नियम आहे, जो डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यानुसार दिव्यांग किंवा हालचालीस अडचण असलेल्या प्रवाशांना बंदरावर आणि जहाजावर विनामूल्य साहाय्य मिळते, पण केबिनविषयीची विशेष गरज आरक्षणाच्या वेळीच आणि इतर साहाय्याची मागणी किमान ४८ तास आधी कळवावी लागते. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि त्यात वाहतुकीच्या सुगम्यतेची तरतूद आहे. कंपनीशी पत्रव्यवहार करताना त्याचा उल्लेख करण्यास हरकत नाही.

केबिन नको, सोय हवी असेल तर

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आणि काठीने चालणाऱ्या अनेक ज्येष्ठांना उंबरा नसलेल्या शॉवरची गरज नसते, बसून अंघोळ करण्याची असते. अशांनी नेहमीचीच केबिन घ्यावी, ती जहाजाच्या मध्यभागी आणि लिफ्टजवळ मागावी, आणि शॉवरमध्ये ठेवण्याचे स्टूल व कमोडची उंची वाढवणारी बैठक आधी कळवून मागवावी. मोठ्या कंपन्या या वस्तू मागणीनुसार देतात. कर्णबधिर प्रवाशांना दाराची टकटक आणि धोक्याची घंटा प्रकाशाने व कंपनाने कळवणारा संच बहुतेक मोठ्या जहाजांवर नेहमीच्या खोलीतही बसवून मिळतो.

नाशिकहून बुकिंग

गंगापूर रोड असो वा नाशिक रोड, एजंटकडे जाण्याआधी घरी इंच टेप घेऊन बसावे. खुर्चीची उघडलेली रुंदी, घडी केलेली रुंदी, लांबी आणि वजन कागदावर लिहावे. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार पाहावा. आम्ल असलेली ओली बॅटरी जहाजावर सहसा चालत नाही, जेल किंवा कोरडी चालते. अशी खुर्ची किंवा स्कूटर रात्री खोलीच्या आतच ठेवावी लागते, कारण आणीबाणीत वाट मोकळी राहावी म्हणून बाहेरच्या अरुंद मार्गिकेत ती ठेवू देत नाहीत. म्हणजे खोलीचे दार तिच्या मापाला पुरले पाहिजे. चार्जिंगसाठी साधी जोडवायर लागली तर आधी परवानगी विचारावी. सर्ज प्रोटेक्टर असलेले बोर्ड कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या दोन्ही कंपन्यांच्या जहाजांवर चालत नाहीत.

एजंटला तोंडी सांगून थांबू नये. ई-मेलवर स्पष्ट वाक्य लिहावे की ‘आम्हाला बंदरावरील व्हीलचेअरचे साहाय्य आणि त्याशिवाय व्हीलचेअर आत फिरेल अशी, उंबरा नसलेल्या शॉवरची ॲक्सेसिबल केबिन, अशा दोन्ही गोष्टी हव्या आहेत’. मग कंपनीचा विशेष गरजांचा अर्ज मागून स्वतः भरावा. एजंटला भरू देऊ नये, कारण आपल्या माणसाला उजवा हात उचलतो की डावा, हे त्यांना ठाऊक नसते. पैसे भरल्यानंतर केबिन क्रमांक आणि तिचा प्रकार असलेली पोच घ्यावी, आणि तो क्रमांक जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर व्हीलचेअरच्या खुणेसह दिसतो का, हे स्वतः ताडून पाहावे. दुसऱ्या वेळी आम्हाला पोच मिळाली तीत चुकून चालणाऱ्यांसाठीची केबिन लिहिलेली होती. नकाशा पाहिला म्हणून ते प्रवासाच्या पाच महिने आधी लक्षात आले आणि बदलता आले.

सहल कंपनीच्या गटातून जाणाऱ्यांनी अधिक दक्ष राहावे. गटासाठी एकगठ्ठा घेतलेल्या खोल्यांमध्ये ॲक्सेसिबल केबिन असेलच असे नाही, ती बहुधा स्वतंत्रपणे मागावी लागते, आणि नावे गोळा होण्याची वाट पाहण्यात महिने जातात. गट ठरण्याआधीच ही एक खोली अडवून ठेवण्याचा आग्रह धरावा. केबिन भरलेली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव लिहून घ्यावे. मोठ्या अमेरिकी कंपन्यांमध्ये उरलेली रक्कम भरण्याची मुदत साधारणपणे प्रवासाआधी अडीच-तीन महिने असते आणि त्या सुमारास काही आरक्षणे रद्द होतात. तो आठवडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा आणि त्या दिवसांत रोज चौकशी करावी.

कागदांमध्ये युडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत सोबत असू द्यावी. केबिनसाठी ते लागत नसले तरी रेल्वेच्या सवलतीसाठी आणि इतर ठिकाणी उपयोगी पडते. औषधांची चिठ्ठी, आणि ऑक्सिजन किंवा श्वसनयंत्र असेल तर त्याची माहिती अर्जातच द्यावी.

बंदर आणि बोट

केबिन उत्तम मिळाली तरी काठावर उतरता येईल असे नाही. काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटीने किनाऱ्यावर नेतात. लक्षद्वीपच्या फेऱ्यांत आणि ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर असे होते. डुलणाऱ्या बोटीत पायरीने उतरता न येणाऱ्या प्रवाशाला तेथे जहाजावरच थांबण्याची वेळ येऊ शकते, आणि समुद्र खवळलेला असेल तर कर्मचारी सुरक्षिततेसाठी नकार देतात. सहल निवडतानाच कोणत्या बंदरात धक्का आहे आणि कोठे बोट, हे विचारावे. गोव्याला जहाज मुरगावच्या धक्क्याला लागते, त्यामुळे पहिल्या अनुभवासाठी मुंबई–गोवा ही फेरी लक्षद्वीपपेक्षा सोपी आहे, असे माझे मत आहे. धक्क्यावरून जहाजात जाण्याच्या उतरत्या फळीचा चढही भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. चढ फार असेल तर तासभर थांबून पाहावे.

नाशिक ते मुंबई हा टप्पा एक दिवस आधी उरकावा. नाशिक रोडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गाडीने गेल्यास, जेथून जहाज सुटते ते बॅलार्ड पिअर तेथून सुमारे दोन किलोमीटरवर आहे. वंदे भारतच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरची जागा आणि रुंद स्वच्छतागृह असते. ज्यांना गाडीत चढवणे त्रासाचे आहे त्यांच्यासाठी जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा भाग खुला झाल्याने कसाऱ्याचा जुना घाट टाळता येतो, मात्र पुढे भिवंडी–ठाण्याच्या कोंडीसाठी वेळ हाताशी ठेवावा. बंदरावर जहाजाची जी व्हीलचेअर मिळते ती चढ-उतारापुरती असते, सहलभर वापरायला मिळत नाही. स्वतःची न्यावीच लागते. परदेशी जहाजांवर कमोडजवळ पाण्याचा फवारा सहसा नसतो, म्हणून एक लहान मग सामानात असावा.

खोलीत पाऊल ठेवल्यावरचा पहिला तास

सामान उघडण्याआधी खुर्ची स्नानगृहात नेऊन वळवून पाहावी, शॉवरचे आसन उघडून त्यावर हाताने जोर द्यावा, दांडे हलतात का ते पाहावे, पलंगाची उंची खुर्चीच्या बैठकीशी ताडावी आणि आणीबाणीची दोरी किंवा बटण जमिनीवरूनही हाताला येते का ते तपासावे. बाल्कनी असेल तर तिच्या दाराशी लहान उतार आहे का, तेही पाहावे. वाटेत येणारी खुर्ची-टेबले कर्मचारी उचलून नेतात, फक्त सांगावे लागते.

आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार, आणीबाणीत साहाय्य लागेल असे ज्यांनी कळवले आहे त्यांची नोंद जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाकडे पोहोचावी लागते. आपले नाव त्या नोंदीत आहे का, हे स्वागतकक्षात जाऊन विचारावे. आगीच्या वेळी लिफ्ट वापरता येत नाहीत, तेव्हा खुर्चीवरील माणसाला जिन्याने कोण आणि कशातून उतरवणार, हे सुरक्षा सरावाच्या वेळी तेथील कर्मचाऱ्याकडून समजून घ्यावे आणि त्याचा चेहरा ओळखून ठेवावा. आणि खोलीत काही उणे आढळले तर जहाज धक्का सोडण्याआधी स्वागतकक्षाला लेखी कळवावे. सुटी वस्तू असेल तर ती तोवर किनाऱ्यावरूनही मागवता येते.